कनवटीला मत

"दोन गोष्टी लक्षात ठेवा," किल्ली माझ्या हातावर ठेवताना सरस्वतीबाई म्हणाल्या होत्या. "विहिरीचं पाणी गाळून घ्या आणि दाजींना वर्तमानपत्र वाचून दाखवू नका. एखादे दिवशी पाणी न गाळता चालेल."

सरस्वतीबाई म्हणजे कोलशेतच्या त्या दोन खोल्यांतल्या आधीच्या भाडेकरू, आणि दाजी म्हणजे आमचे होणारे घरमालक. मी हसले. म्हाताऱ्या माणसाला दोन ओळी वाचून दाखवल्या तर काय आभाळ कोसळणार आहे? मी बी. ए. झालेली. कडेवर आठ महिन्यांचा मोरू आणि भोवती खाडी, मिठागरं नि भाताची शेतं. आमचे हे गावच्या शाळेत मास्तर, तेही हंगामी. दिवसभर मोरूच्या तोंडातून माती काढायची आणि त्याचा श्वास नीट चाललाय ना हे बघायचं, एवढंच माझं काम. कुणी ऐकणारा भेटला तर मला हवाच होता.

हे ठाण्याला गेले की येताना आदल्या दिवशीचं वर्तमानपत्र आणत. दुसऱ्याच सकाळी दाजी ओट्यावर येऊन बसले.

"वाच गो बाय."

"दाजी, शिळा आहे पेपर."

"शिला तर शिला. खोटी बातमी काय नासते?"

मी वाचलं की धान्याचा साठा मुबलक आहे, असं मंत्रिमहोदय म्हणाले.

"मंत्र्याचं पोट बगून लिवलं आसंल," दाजी म्हणाले. "फुडं."

दारूबंदीची अंमलबजावणी कसोशीने चालू आहे, असं मी वाचलं.

"खाडीच्या पलीकरं जाऊन एक डाव वास घे म्हनावं. फुडं."

हे असं रोज. दाजींचा सरकारवर राग होता, पण वर्तमानपत्रावर त्याहून जास्त. त्यालाही कारण होतं. मागच्या पावसाळ्यात उधाणाला खाडीचा बांध फुटला आणि गावाचं उभं भात खाऱ्या पाण्यात गेलं. त्याची बातमी कुठेच आली नाही. त्या दिवशीच्या पेपरात मुंबईच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनाचा मोठा फोटो होता. ते दाजी विसरले नव्हते. "कुत्र्याच्या गल्यान मेडल, आनी आमच्या भाताच्या गल्यान खारं पानी," ते म्हणायचे. "सरकारला दिसत नाय तं नाय. पेपरवाल्याचा धंदाच बगायचा ना? त्याला कुत्रा दिसला!"

ते चिडले की त्यांचा आवाज चढायचा आणि मोरू टाळ्या पिटायचा.

या शिव्या खाणाऱ्या सरकारने त्या वर्षी रेशनवर मिलो दिला होता. तो लाल, जाडाभरडा दाणा माझ्या पोटात ठरेना. दाजींच्या सुनेने, सगुणाने, ते घरी सांगितलं असावं. दुसऱ्या दिवशी दाजींनी आमच्या दारात तांदळाची टोपली आपटली. "पोराची आय मिलो खानार, तं पोराला दूध कुठनं येनार? सरकारला आय हाय का नाय?" मी पैसे विचारले तर मलाच चार शब्द ऐकवले. मोरूला ताप भरला तेव्हा त्यांनीच स्वतःच्या बैलगाडीतून आम्हाला ठाण्याच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला ते एकेका मंत्र्याचं नाव देत होते. घाटासारख्या त्या रस्त्यावर माझं रडं थांबलं ते त्या शिव्यांमुळे. त्यांच्या कुरकुरीची मला इतकी सवय झाली की सकाळी ती ऐकू आली म्हणजे दिवस ठीक जाणार, असं वाटायचं.

मग निवडणूक आली. देशातली पहिली. गावात उमेदवार येऊ लागले आणि दाजींना कामच मिळालं.

पहिला आला तो होडी निशाणीचा. जीपमधून आला.

"पवता येतं काय तुना?" दाजींनी विचारलं. त्याला येत नव्हतं. "मंग होरी कशाला घेतलीस?"

छत्री निशाणीवाल्याने ऐन जानेवारीत छत्री उघडून भाषण केलं. दाजी आभाळाकडे बघत राहिले, तो जाईपर्यंत. तराजूवाला बिचारा एकटाच, पायी, उन्हातून आला. त्याला दाजींनी विचारलं, "रेशनच्या दुकानातला काय रं ह्यो तराजू?" त्याने फक्त पाणी मागितलं, प्यायला आणि नमस्कार करून गेला.

"मी कुनालाच मत द्यायचो नाय," दाजींनी जाहीर केलं. "तिघं पन सारखेच. आनी पेपरवाले तिघांचे पन भाट."

इथे माझ्यातली बी. ए. जागी झाली. "दाजी, असं म्हणू नका. मत म्हणजे तुमची इस्टेट आहे. राजाला एक आणि तुम्हालाही एकच. ते तुमच्या हक्काचं आहे, ते तुमच्याकडून कुणीही हिरावून घेऊ शकत नाही!"

"कुनीच नाय?"

"कुणीच नाही!"

दाजी विचारात पडले. मला वाटलं, भाषण छान झालं.

मतदानाचं केंद्र शाळेतच होतं आणि ह्यांची नेमणूकही तिथेच झाली. मतदाराच्या बोटाला शाई लागली की त्याच्या हातात कागद द्यायचा, हे ह्यांचं काम. तेव्हा शिक्के-फुल्या काही नव्हत्या. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी लोखंडी पेटी, तिच्यावर त्याची निशाणी चिकटवलेली. मतदाराने आत जायचं आणि रुपयाच्या नोटेएवढा तो कागद हव्या त्या पेटीत टाकून बाहेर यायचं. ठाण्याच्या कचेरीतून आलेले मुख्य अधिकारी फार कडक होते. आदल्या दिवशीच त्यांनी ह्यांना बजावलं होतं, "एक कागद इकडचा तिकडे झाला तर जबाबदारी तुमची, मास्तर." ह्यांची नोकरी कायम व्हायची होती ती मार्चमध्ये. त्यामुळे हे सकाळी चहासुद्धा न पिता गेले.

दाजी नवी टोपी घालून, धुतलेलं धोतर नेसून गेले आणि लवकर परत आले. ओट्यावर बसले. बोटावर शाई होती. मी पेपर घेऊन बाहेर आले.

"वाचू का दाजी?"

दाजी काहीच बोलले नाहीत.

"धान्याचा साठा मुबलक आहे," मी मुद्दाम वाचलं.

काही नाही. दाजींनी समोरच्या आंब्याकडे बघितलं. मोरू रांगत जाऊन त्यांच्या धोतराला लोंबकळला, तर त्यांनी त्याला हळूच बाजूला केलं. एरवी ते त्याला खांद्यावर चढवायचे.

मी सगुणाला हाक मारली. "अगं, मामंजींना बरं नाही का?"

सगुणाने निरखून बघितलं. "नजर लागली बाय. नवी टोपी घातलेली ना." ती मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि तिने दाजींवरून ओवाळल्या. दाजी हलले नाहीत. मी त्यांची नाडी बघायला हात धरला, तर त्यांनी तो झटक्यात सोडवून कमरेशी नेला.

"पोटात दुखतंय का?"

दाजींनी इकडेतिकडे बघितलं. "तू शिकलेली हायेस," ते कुजबुजले. "म्हनून तुना दाखवतंय. कुनाला बोलू नको." त्यांनी धोतराच्या कनवटीची गाठ सोडली आणि आतून एक घडी काढली.

ती मतपत्रिका होती.

"दाजी! ही पेटीत टाकली नाहीत?"

"टाकू कशाला? इस्टेट कुनी पेटीत टाकतो?" दाजींचा चेहरा एकदम उजळला. "तूच बोल्लीस ना, कुनी घेऊ शकत नाय म्हनून? माज्या बापाला मिठागराचा शिक्क्याचा कागद आलेला. सायब बोल्ला, बगायला दे. बापान दिला. कागद गेला, मिठागर पन गेलं. तवापासना आमच्या घरान ठरलेलं हाय. शिक्क्याचा कागद हाती आला का कनवटीला. मास्तरान माज्या हातान दिला, मी घेऊन आलो. आता मंत्री येऊंदे नायतं त्याचा बाप."

"मग बोलत का नव्हतात?"

"बोल्लो का पोटातलं भाईर येतं. म्हनून दात आवलून बसलेलो."

मी त्यांना समजावलं, की हा गुन्हा आहे, कागद कमी भरला तर ह्यांच्यावर येईल, नोकरी जाईल.

"मास्तरला काय व्हनार नाय. मी हाय ना."

"तुम्ही आहात म्हणूनच होणार आहे, दाजी!"

ते थोडे वरमले. पण हात कमरेवरून हलेना. मी सगुणाकडे वळले, तर ती जागेवर नव्हती. कुणाला बोलू नको हे मला सांगितलं होतं, तिला नव्हतं.

पुढचं काय झालं ते भिवाने येऊन सांगितलं. भिवा म्हणजे शेजारचा, भाजीची पाटी घेऊन कल्याणच्या बाजाराला जाणारा. तो धापा टाकत आला. "बाय, मास्तरला वेढा घातलाय! हौसाबाय बोलते, दाजीला मत घरी न्यायला दिलं, मंग आमी काय पाप केलंय? आमचे पन कागद काढून द्या!"

हौसाबाई कोळीवाड्यातली. तिने बाजारात एकदा भाव लावला की पोलीससुद्धा पैसे न देता मासळी नेत नसे. तिच्यामागे सगळ्या बायका होत्या, आणि बायकांमागे पुरुष.

"मास्तर काय म्हणाले?"

"मास्तर कुठं बोलतात! ते बाकावर हुभे. मोठा सायब बोलतो पेट्या उघडनार नाय, हौसाबाय बोलते कोयती आनते."

माझ्या डोळ्यांपुढे मार्च महिना आला आणि तसाच कोरा निघून गेला. "दाजी, चला. आत्ताच्या आत्ता."

दाजी उठलेही असते. पण नेमका तेवढ्यात छत्रीवाल्यांचा माणूस अंगणात आला. बातमी त्यालाही लागली होती. तो लाडीगोडीने ओट्याला टेकला. "दाजी, ऐकलं ते खरं? कागद तुमच्याकडे पडूनच राहणार, मग आम्हाला द्या की. काय घ्याल बोला."

दाजींनी कागद काढून त्याच्या नाकासमोर नाचवला. "ह्यो? ह्यो इकत पायजे? आरं, माज्या बापाच्या मिठागराला तुज्यासारख्यानंच गोड बोलून..." पुढचं वाक्य काठीशिवाय पुरं होण्यासारखं नव्हतं. त्यांनी कागद तंबाखूच्या चंचीखाली सरकवला आणि कोपऱ्यातली काठी उचलली. तो माणूस मागे सरकला, भिवा मध्ये पडला. मी काठीकडे बघत राहिले.

मोरू काठीकडे बघत नव्हता. त्याला चंचीखालून डोकावणारं गुलाबी टोक दिसलं होतं.

मी वळले तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झालेला. डोळे मोठे, तोंड उघडं, आवाज नाही. रोज ज्याची भीती वाटायची तेच समोर उभं राहिलं, आणि मला काही सुचेना.

काठी खाली पडल्याचा आवाज आला. दाजींनी मोरूला उचललं, आपल्या आडव्या हातावर पालथं घातलं, डोकं खाली, आणि पाठीवर तळवा मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा काहीतरी ओलं त्यांच्या पायावर पडलं आणि मोरूने असा टाहो फोडला की तसं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

छत्रीवाल्यांचा माणूस कधी गेला कळलंच नाही. मी मोरूला छातीशी धरून रडत होते.

"रडू नको गो," दाजी म्हणाले. "कागद काय, वालंल."

"मी कागदासाठी नाही हो रडत, दाजी!"

"म्हाईत हाय." त्यांनी तो बोळा उचलला आणि उलगडला. एक कोपरा गेला होता, बाकी शाबूत होता. एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा मोरूकडे. मग त्यांनी तो धोतराच्या सोग्यात दाबून टिपला. "घरान ठेवायची वस्तू नाय ही. चल."

शाळेपाशी आम्ही पोचलो तेव्हा हौसाबाई टेबलावर हात आपटत होती. बाकावरूनच ह्यांनी माझ्याकडे बघितलं, पण मोरूचा रडवेला चेहरा बघून ह्यांना नोकरीचं विचारायचंही सुचलं नाही. दाजी गर्दीतून थेट आत शिरले.

"हौशे, कागद पायजे तुना? नेऊन काय करशील?"

"तुमी काय करताव तेच!"

"माजा पोरानं खाल्ला." त्यांनी कागद उंच धरला. कोपरा नाही हे सगळ्यांना दिसलं. "घशान अडकला. पोर जात व्हतं. तुज्या घरान तं शेल्या हायत! हितं पेटीला कुलूप हाय, कुलपाला लाख हाय, भाईर पोलीस हुबा हाय. तुज्या घराला दार तरी हाय काय?"

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. हौसाबाईचा नवरा म्हणाला की दाराचं तो कधीपासून सांगतोय, आणि ती त्याच्याकडे वळली. तिथेच मोर्चा फुटला.

अधिकारीसाहेबांनी चष्मा लावून ओलसर कागद बघितला. "नंबर दिसतोय. पण हा कोपरा कुठे आहे?"

दाजींनी मोरूकडे बोट केलं. "त्याला इचारा."

साहेबांनी मोरूकडे बघितलं. मोरूने डोळ्यांतल्या पाण्यातून आपले दोन दात दाखवले. साहेब गर्दीकडे बघत राहिले, मग ह्यांच्याकडे, आणि मग त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "टाका आत. मास्तर, यापुढे कागद देताना 'पेटीत टाका' असं तोंडाने सांगत चला."

तेवढंच. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. त्या साहेबांचं नाव मला कधी कळलं नाही. पण देवापुढे बसले की मी त्यांच्यासाठीही हात जोडते.

दाजी पडद्याआड गेले ते बाहेर येईनात. आतून टक, टक असा आवाज येऊ लागला.

"आजोबा, काय चाललंय?" साहेबांनी विचारलं.

"वाजवून बगतंय. कुनाची किती भरली."

मग एक शेवटची टक, आणि दाजी बाहेर आले.

घरी येताना मी म्हटलं, "मत गुप्त असतं दाजी, सांगू नका."

"तराजूवाल्याची पेटी पोकल वाजली," दाजी लगेच म्हणाले. "उन्हातान पायी आलेला गो. मी शिव्या दिल्या तं पानी पिऊन नमस्कार करून गेला. त्याला एक तरी नको?"

पुढे तराजूवाल्याची अनामत रक्कमही जप्त झाली. दाजींना त्याचं काही वाटलं नाही. त्यांना वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. मतदानानंतर पेपर आला त्यात आतल्या पानावर एक ओळ होती. मी वाचली, "कोलशेत येथे मतदान अत्यंत शांततेत पार पडले."

मी कानावर हात ठेवायच्या तयारीत होते. दाजी पुढे सरकले.

"कोलशेत लिवलंय? कोलशेतच?"

"हो."

"परत वाच."

मी तीन वेळा वाचलं. दाजींनी त्या ओळीवर बोट ठेवलं, वाचता येत नसूनही. "साफ खोटी हाय," ते समाधानाने म्हणाले. "पन आपल्या गावची हाय."

मार्चमध्ये हे कायम झाले. दोन वर्षांनी ह्यांची डोंबिवलीला बदली झाली. निघताना दाजींनी सामानाच्या गाडीवर तांदळाचं पोतं चढवलं आणि डोंबिवलीच्या हवेला, पाण्याला, रेल्वेला आणि शिक्षणखात्याला नावं ठेवली. आम्ही खाडीच्या वळणावर गेलो तरी ऐकू येत होतं.

आज मोरू पाच वर्षांचा आहे, शाळेत जातो, आणि पुन्हा निवडणूक तोंडावर आली आहे. गेल्या आठवड्यात कल्याणच्या बाजारात भिवा भेटला. मी दाजींचं विचारलं. तो म्हणाला, "बरे हायत. पन हल्ली काय बोलत नाय. छत्रीवाला येऊन तासभर भाषण ठोकून गेला, दाजींनी नुसतं बगितलं."

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. धाकटीच्या अंगावर गोवर आहे, तिला सोडून मला हलता येत नाही. ह्यांना निवडणुकीच्या कामासाठी विठ्ठलवाडीला पाठवलंय. म्हणून तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कुणी ठाण्याला जाणार असाल तर थोडी वाट वाकडी करून कोलशेतला जा. खाडीच्या अंगाला, आंब्यासमोर, उंच ओट्याचं घर आहे. लांबूनच कान द्या. सरकारला शिव्या ऐकू आल्या तर खुशाल माघारी फिरा, आत जायची गरज नाही. काहीच ऐकू आलं नाही, तर मात्र तसे परत येऊ नका. दार वाजवा.